रिकामी पाकिटं आणि पायलटांच्या सह्या

विमानटपालाची जुनी पाकिटं जमवणाऱ्या माणसाला एक गोष्ट फार लवकर कळते आणि चारचौघांत तो ती सहसा बोलत नाही, ती म्हणजे यातली बरीचशी पाकिटं आतून रिकामी असतात. पत्र हरवलं वगैरे काही नसतं, मुळात लिहिलेलंच नसतं. कुणीतरी हौशी माणसाने स्वतःचाच पत्ता घालून, छान तिकीट लावून, "पहिल्या फ्लाइटने पाठवा" म्हणून पोस्टात दिलेलं ते पाकीट असतं. ते विमानाने जातं, शिक्का खातं, उलट टपाली घरी येतं आणि थेट अल्बममध्ये जाऊन बसतं. म्हणजे विमान उडालं, पायलटने जीव धोक्यात घातला, आणि थैलीत काय होतं तर हवा.

आता माझा छंद म्हणजे या पाकिटांवरच्या आणि त्या काळातल्या इतर कागदांवरच्या पायलटांच्या सह्या. (बायको म्हणते "इतरांची नवरेमंडळी निदान पूर्ण पत्र तरी जमवतात.") खिसा बेताचा असल्यामुळे माझ्याकडे मोठ्या नावांचं फारसं काही नाही, पण बघायला, वाचायला, लिलावाचे कॅटलॉग चाळायला पैसे पडत नाहीत आणि खरी मजा त्यातच आहे असं माझं मत आहे. आणि इतकी वर्षं बघून बघून एक प्रश्न माझ्या डोक्यात पक्का बसलाय. कुठलाही सही केलेला कागद समोर आला की सही खरी की खोटी हे नंतर, आधी मी हे बघतो की ही सही केलीय कुणासाठी?

हा प्रश्न माझ्या डोक्यात घातला आमच्या एका काकांनी. ते आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते, आयुष्यभर रात्रीच्या गाड्यांतून टपालाच्या थैल्या फोडायच्या आणि बांधायच्या. मी त्यांना मोठ्या उत्साहाने एका कॅटलॉगमधला फोटो दाखवला, बघा काका, पायलटची सही, केवढी किंमत! ते चष्मा वर करून म्हणाले, "अरे, सहीचं कसलं कौतुक करतोस? बॅग ताब्यात घेतली की सही ठोकायची. बॅग कमी भरली तर तीच सही आपल्या गळ्यात." मी म्हटलं, काका ही तशी सही नाही, ही आठवण म्हणून केलेली आहे. त्यावर ते म्हणाले, "मग तिचा काय उपयोग?" आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

तर अलाहाबादपासून सुरू करू, कारण सगळ्या जगाचा अधिकृत विमानटपाल तिथूनच सुरू होतो आणि आपल्याकडे हे शाळेत एका ओळीत संपवतात. १८ फेब्रुवारी १९११. अलाहाबादला संयुक्त प्रांतांचं, म्हणजे साधारण आजच्या उत्तर प्रदेशचं, मोठं प्रदर्शन भरलेलं, तिथे कॅप्टन वॉल्टर विंडहॅम नावाचे गृहस्थ विमानं घेऊन आलेले. आणि आंरी पिके नावाचा तेविशीतला फ्रेंच पायलट हम्बर-सॉमर बायप्लेनमध्ये सुमारे ६,५०० पत्रं घेऊन यमुनेपलीकडे नैनीला उतरला. ५० अश्वशक्तीचं इंजिन, पायलट उघड्यावर बसलेला, जेमतेम तेरा मिनिटांचा प्रवास. आज नैनीला पुलावरून रिक्षाने जाता येतं, तेव्हाही रस्ता होताच, म्हणजे गरज अशी कुणालाच नव्हती. नैनीला पोचल्यावर ती पत्रं पुन्हा नेहमीच्या टपालात मिसळून रेल्वेने, बोटीने आपापल्या गावी गेली.

मग उडवलं कशासाठी? तर तिथल्या ऑक्सफर्ड अँड केंब्रिज हॉस्टेलसाठी पैसे जमवायला. हॉस्टेलचे पाद्री हॉलंड यांनी विंडहॅमना गळ घातली, विंडहॅमनी पोस्टखात्याकडून परवानगी मिळवली, आणि प्रत्येक पत्रामागे सहा आणे जादा आकार ठेवला तो हॉस्टेलला. खास शिक्का बनवला, त्यात विमान आणि डोंगर, आणि शाई किरमिजी. आता विचार करा, १९११ साली नदीपलीकडे पत्र टाकायला सहा आणे कोण देईल? गंमत म्हणून पैसे देणारा आणि संग्राहक, दोघेच. म्हणजे जमवणारी माणसं इतिहास घडून गेल्यावर मागाहून आली असं आपण समजतो ते निदान विमानटपालाच्या बाबतीत खरं नाही, ती पहिल्याच फ्लाइटमध्ये थैलीत बसून आलेली आहेत. मला हे कळलं तेव्हा जरा ओशाळल्यासारखं झालं आणि जरा बरंही वाटलं.

या फ्लाइटची काही मोजकी खास कार्डं होती ज्यांवर पिकेंची सही आहे. ती मी फक्त छापील फोटोत पाहिलीयत आणि बहुधा तशीच बघणार. पण त्यावरून एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. समजा तुमच्या समोर अलाहाबादचं १९११चं कार्ड आलं आणि त्यावर पिकेंची सही बॉलपेनने आहे. नवखा माणूस लगेच म्हणेल, खोटी! १९११ साली बॉलपेन कुठून आलं? पण पिके १९७४ पर्यंत हयात होते. तोवर कुणीही त्यांच्याकडे कार्ड नेऊन सही घेतली असू शकते, आणि सही अस्सल, कार्ड अस्सल, फक्त दोघांमध्ये पन्नास-साठ वर्षांचं अंतर. अशा सहीला काय म्हणायचं? मी तरी ती दुय्यम मानतो. तरुण पिकेने ग्रीस लागलेल्या हाताने केलेली सही वेगळी आणि म्हाताऱ्या पिकेने दिवाणखान्यात चहा पितापिता केलेली वेगळी. पण हे माझं मत झालं, बाजार असं म्हणत नाही.

काकांच्या भाषेतली, म्हणजे "गळ्यात पडणारी" सही शोधायची तर अमेरिकेत जावं लागतं. चार्ल्स लिंडबर्ग १९२७ मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडून जगप्रसिद्ध झाला हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याच्या आदल्या वर्षी तो टपाल वाहणारा पगारी पायलट होता. रॉबर्टसन एअरक्राफ्ट कॉर्पोरेशनला सेंट लुईस ते शिकागो या मार्गाचं कंत्राट मिळालं होतं आणि लिंडबर्ग त्यांचा मुख्य पायलट. सेवा सुरू झाली १५ एप्रिल १९२६ ला. आणि त्याच्या दोन दिवस आधी, १३ एप्रिलला, त्याने एका सरकारी छापील फॉर्मवर सही केली, टपाल पोचवणाऱ्या माणसाने घ्यायची शपथ. हा कागद अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि त्याचं चित्र बघायला मिळतं. मला विचाराल तर सगळ्या विमानटपालातला माझा सगळ्यात आवडता कागद हा.

का आवडता? कारण हा फॉर्म पायलटसाठी बनवलेलाच नव्हता. स्टेशनवरून पोस्टात आणि पोस्टातून स्टेशनवर थैल्या नेणाऱ्या कुठल्याही साध्या माणसाला जी शपथ घ्यावी लागायची तीच. खात्याच्या लेखी घोडागाडी काय आणि विमान काय, थैली ताब्यात घेतोयस ना, मग कर सही. सही करणारा चोविशीतला पोरगा, अजून कुणी त्याला ओळखत नाही, कुणी त्याच्याकडे सही मागितलेली नाही, मागितलीय ती सरकारने आणि ती कौतुकाने नव्हे. काकांना हा फोटो दाखवला तेव्हा मात्र ते जरा वेळ बघत बसले आणि म्हणाले, "हां, ही सही."

आणि ती शपथ त्याने किती मनावर घेतली होती बघा. त्याच वर्षी सप्टेंबरात आणि पुन्हा नोव्हेंबरात असं दोनदा त्याला रात्रीच्या अंधारात, खराब हवेत, इंधन संपल्यावर पॅराशूटने उडी मारावी लागली. पहिल्या वेळी तर धुक्यात शिकागोचं मैदानच दिसेना, शेवटी उडी मारली, आणि सोडून दिलेलं विमान त्याच्याच भोवती घिरट्या घालत खाली आलं. आणि जमिनीवर उतरल्यावर या माणसाने केलं काय, तर शेतकऱ्यांना घेऊन मोडकं विमान शोधलं, थैल्या काढल्या आणि पुढच्या गाडीने रवाना केल्या. तसल्या थैल्यांतून निघालेल्या पाकिटांना क्रॅश कव्हर म्हणतात, त्यांचा वेगळाच एक पंथ आहे जमवणाऱ्यांचा, त्यात शिरलो तर बाहेर येणं नाही.

आता याच माणसाची दुसरी सही बघा. फेब्रुवारी १९२८ मध्ये, म्हणजे अटलांटिक पार करून देव झाल्यावर, लिंडबर्गने त्याच जुन्या मार्गावर दोन दिवस पुन्हा टपाल नेलं. त्यासाठी घोड्याच्या नालाच्या आकाराचा खास शिक्का होता, "लिंडबर्ग पुन्हा विमानटपाल नेतोय" अशा अर्थाचा. लोकांनी ढिगांनी पाकिटं पाठवली, सगळी शिक्क्यासाठी. ही पाकिटं आजही बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात, कारण आहेतच भरपूर. त्यातल्या एखाद्यावर सही असली की किंमत आभाळाला. आणि खोट्या सह्यांचा सुळसुळाटही तिथेच, कारण पाकीट अस्सल, शिक्का अस्सल, मग फक्त एक नाव लिहायचंय ना. लिंडबर्गला स्वतःला नंतर सह्या मागणाऱ्यांचा इतका वीट आला होता की शक्यतो टाळायचा. त्यामुळे अचानक कुठे सही केलेलं पाकीट स्वस्तात दिसलं तर हात खिशात घालण्याआधी पाणी प्यावं.

अमेरिकेचा विमानटपाल सुरू झाला तोही सह्या आणि फजितीनेच. १५ मे १९१८, वॉशिंग्टन. राष्ट्राध्यक्ष विल्सन जातीने हजर. एका पाकिटावर त्यांची स्वतःची सही, ते नंतर रेडक्रॉससाठी लिलावात जाऊन हजार डॉलरला विकलं गेलं. आणि पायलट लेफ्टनंट जॉर्ज बॉइल इंजिन चालू करायला बघतोय तर होईना, का, तर टाकीत पेट्रोलच भरलेलं नाही. भरलं, उडाला, आणि जायचं होतं उत्तरेला फिलाडेल्फियाकडे तर गेला दक्षिणेला, मेरीलँडमधल्या वॉल्डॉर्फजवळ शेतात उतरताना विमान उलटं झालं. त्याची थैली शेवटी रस्त्याने परत आली. याच सेवेसाठी छापलेल्या २४ सेंटच्या तिकिटांतला एक शंभराचा शीट चुकून उलट्या विमानाचा निघाला, ती "इन्व्हर्टेड जेनी" म्हणून जगात सगळ्यांना माहीत आहे. तिकिटावरचं विमान उलटं आणि खरं विमानही उलटं, कुणी कथेत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं जरा जास्तच झालं. पण बिचाऱ्या बॉइलची सही? तिला लिंडबर्गच्या सहीचा भाव कधी येणार नाही.

भाव कसा ठरतो हे कळायला लागलं की थोडं अस्वस्थ व्हायला होतं. सोपा हिशोब आहे, जो लवकर गेला त्याच्या सह्या कमी, म्हणून महाग. विल्बर राइट १९१२ मध्ये विषमज्वराने गेला, पंचेचाळीसाव्या वर्षी. ऑरव्हिल जगला १९४८ पर्यंत, आणि तोवर त्याने बँकेचे चेक फाडले, बिलं भागवली. त्याचे ते वटलेले चेक आज बाजारात फिरत असतात, डेटनच्या बँकेचे, घरखर्चाचे. विल्बरची सही मात्र मिळता मिळत नाही. दोघे भाऊ, एकच विमान, एकच शोध, पण एकाच्या सहीची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी पट, का तर विषमज्वर. (मला स्वतःला ऑरव्हिलचे चेकच जास्त आवडतात. ज्याने माणसाला उडवलं त्यालाही महिन्याची बिलं होतीच.)

अल्कॉक आणि ब्राउनचंही तेच. १४-१५ जून १९१९ ला न्यूफाउंडलंडहून आयर्लंडपर्यंत न थांबता अटलांटिक पार करणारे हे पहिले, बरोबर १९७ पत्रं होती. सहा महिन्यांत, डिसेंबर १९१९ मध्ये, अल्कॉक पॅरिसच्या विमान प्रदर्शनाला जाताना फ्रान्समध्ये धुक्यात अपघातात गेला. ब्राउन १९४८ पर्यंत होता. दोघांच्या सह्या एकाच कागदावर मिळायच्या तर त्या सहा महिन्यांतल्याच.

त्यांच्या महिनाभर आधी निघालेल्या हॅरी हॉकरची गोष्ट तर आणखी भारी आहे. १९ मे १९१९ ला हॉकर आणि त्याचा नॅव्हिगेटर मॅकेन्झी-ग्रीव्ह अटलांटिकच्या मध्यावर इंजिन तापल्यामुळे एका डॅनिश जहाजाशेजारी समुद्रात उतरले. जहाजाला वायरलेस नाही, त्यामुळे आठवडाभर सगळ्या जगाने त्यांना मेलेलं धरलं, आणि मग ते जहाजावरून हात हलवत आले. विमान तसंच तरंगत होतं ते दुसऱ्या जहाजाला सापडलं, आत टपालाची थैली! तीही पोचवली. या टपालासाठी न्यूफाउंडलंडने तीन सेंटच्या तिकिटांवर जादा छपाई करून फक्त २०० तिकिटं काढली होती, आणि नक्कल होऊ नये म्हणून पोस्टमास्तर जनरल रॉबिन्सन यांनी तिकिटांच्या पाठीमागे आपली आद्याक्षरं घातली. काकांना आवडेल अशी सही. डिंकाच्या बाजूला, कुणाला दिसणारही नाही अशी, केवळ हिशोबासाठी.

आणि अमेरिकन पोस्टखात्याचे ते पायलट ज्यांची नावं आपल्याला माहीतच नाहीत. १९१८ ते १९२७ या काळात त्यांच्यातले तिसाहून जास्त जण टपाल नेताना मेले. लढाईतून उरलेली डी हॅविलंड विमानं, रात्री दिवा नाही, रस्ता म्हणजे खाली दिसणारे रूळ. फेब्रुवारी १९२१ मध्ये जॅक नाइट नावाच्या पायलटने नॉर्थ प्लॅटपासून शिकागोपर्यंत रात्रभर उडून टपाल पोचवलं, खाली लोकांनी शेकोट्या पेटवून वाट दाखवली होती, आणि त्यानेच म्हणे रात्रीच्या विमानटपालाला सरकारकडून पैसे मिळायचा मार्ग मोकळा केला. अशा माणसांनी सह्या केल्या त्या रोजच्या रिपोर्टांवर, थैल्यांच्या पावत्यांवर. त्यातले किती कागद रद्दीत गेले असतील. जे उरले ते लिंडबर्गच्या एका पाकिटाच्या पासंगालाही पुरत नाहीत किमतीत.

आपल्याकडे या सगळ्याचं एक टोक मुंबईत जुहूला येऊन टेकतं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ नावाच्या छोट्या विमानात निघाले, अहमदाबादला थांबून जुहूला उतरले. सोबत टपाल साधारण २५ किलो. लंडनहून इम्पीरियल एअरवेजने कराचीपर्यंत आलेली पत्रं पुढे मुंबई-मद्रासला नेण्याची ही सेवा, सरकारी अनुदान शून्य, मिळणार ते वाहिलेल्या टपालाच्या वजनावर. जुहूहून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेलं. ही कल्पना मुळात त्यांचीच, आणि त्यांचं नाव आपण आज घेत नाही. जुहूला तेव्हा ओली माती आणि झावळ्यांचं छप्पर, पावसाळ्यात मैदान पाण्याखाली, मग सगळं बिऱ्हाड उचलून पुण्याला. पुणेकरांनी याची आठवण का जागवली नाही कळत नाही, एरवी एवढं मिळालं असतं तरी पाटी लावली असती.

माझ्याकडे या मार्गाचं एक पाकीट आहे, पहिल्या दिवसाचं नाही, थोडं नंतरचं. १९२९ साली निघालेलं विमानटपालाचं तिकीट आहे त्यावर, हर्क्युलिस विमानाचं चित्र असलेलं. तिकिटाचे दाते एका कोपऱ्यात तुटलेत. पत्ता टाइप केलेला आहे, मद्रासच्या एका व्यापारी पेढीचा, आणि "बाय एअर" हे शब्द मात्र हाताने, निळ्या पेन्सिलने, असे जोरात लिहिलेत की पाकिटाच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं की उठाव लागतो. वरची कड कात्रीने नीट कापलेली आहे, फाडलेली नाही, म्हणजे पेढीत उघडणारा माणूस शिस्तीचा असणार. आणि हे पाकीट रिकामं आहे खरं, पण मधोमध उभी घडी आहे आणि आतला कागद काढल्यावर राहतो तसा फुगवटा आहे. यात पत्र होतं! कुणाला तरी खरंच घाई होती. सही कुणाचीच नाही यावर, डीलरने मला अर्ध्या किमतीत दिलं, "सही असती तर तुम्हाला परवडलं नसतं" असं वर ऐकवून. मला ते सही असलेल्या पुष्कळ पाकिटांपेक्षा प्रिय आहे, पण विकायला काढलं तर कुणी चहासुद्धा पाजणार नाही.

जे. आर. डी. १९९३ पर्यंत होते, १९६२ मध्ये आणि पुन्हा १९८२ मध्ये अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा करून दाखवलं, आणि पत्रांना उत्तरं द्यायची त्यांची सवय तर प्रसिद्धच आहे. त्यामुळे त्यांच्या सह्या मिळतात. व्हिन्सेंट १९४२ मध्ये युद्धाच्या काळात गेले, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ त्यांचं विमान पाडलं गेलं. पुन्हा तोच हिशोब. १९३२च्या पाकिटावर दोघांची सही असेल तर व्हिन्सेंटची सही ही नक्की दहा वर्षांच्या आतली, जे. आर. डीं.ची कधीचीही असू शकते. म्हणून अशा पाकिटावर मी आधी दोन्ही सह्यांची शाई बघतो. एकाच पेनने, एकाच बैठकीत केलेल्या असतील तर उत्तम. भिंगातून बघितलं की फाउंटन पेनची शाई कागदाच्या तंतूंत थोडी पसरलेली दिसते, कडा मऊ असतात, आणि जिथे सही शिक्क्यावरून गेलीय तिथे कोण आधी कोण नंतर हे बऱ्याचदा समजतं. उलट रबरी शिक्क्याची सही असली तर सगळीकडे दाब सारखा, चढउतारच नाही. आणि घाबरत घाबरत गिरवलेली सही थरथरते, खऱ्या माणसाला स्वतःचं नाव लिहिताना विचार करावा लागत नाही.

कागदाचा विषय निघालाच आहे तर, शिवकर बापूजी तळपदे. दर वर्षी डिसेंबरात व्हॉट्सअॅपवर येतंच, १८९५ ला चौपाटीवर विमान उडालं आणि राइट बंधूंनी श्रेय लाटलं. तळपदे होते, विमानविद्येचा ध्यास त्यांना होता हे खरंच आहे आणि त्याचा मला आदर आहे, पण उड्डाणाचा त्या काळातला भक्कम असा एकही कागद दाखवता येत नाही. राइट बंधूंचा कागद बघा, १७ डिसेंबर १९०३ची किटी हॉकहून वडिलांना केलेली तार. त्यात ऑरव्हिलचं नाव चुकीचं पडलंय आणि सगळ्यात लांब उड्डाणाचे सेकंद ५९ ऐवजी ५७ छापलेत. तारेवर सही नसतेच, ऑपरेटरने ठोकलेली अक्षरं फक्त. पण त्या चुकांमुळेच तिच्यावर विश्वास बसतो. बनवाबनवी करणाऱ्याने निदान नाव तरी नीट लिहिलं असतं.

आपल्याकडे हे कागद टिकवणं हाही एक व्याप. मुंबईची हवा, पावसाळ्यात कागदावर तांबूस ठिपके पडतात, कसर लागते. स्टेशनरीच्या दुकानातले चकचकीत प्लास्टिकचे फोल्डर सगळ्यात वाईट, वर्षा-दोन वर्षांत शाई त्यांना चिकटते. साधे अॅसिड नसलेले कागद, पॉलिएस्टरच्या पिशव्या, कपाटात सिलिका जेल, बस. आणि कायदाही लक्षात ठेवायचा, आपल्याकडे ऐतिहासिक महत्त्वाचा ७५ वर्षांहून जुना दस्तऐवज १९७२च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतो आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. मला हा कायदा पटतो, पण गंमत अशी की अलाहाबादची कितीतरी पत्रं १९११ लाच नैनीहून परदेशी गेली, तेव्हा ती आता तिकडच्या लिलावातून परत विकत घ्यायची.

जमवणारा माणूस किती पुढे जाऊ शकतो याचं उदाहरण म्हणजे कलकत्त्याचे स्टीफन स्मिथ. १९३० साली इंडियन एअरमेल सोसायटी काढणारा हा माणूस नुसती पाकिटं जमवून थांबला नाही, १९३४ पासून स्वतः रॉकेटमधून टपाल उडवायला लागला. दहा वर्षांत दोनशेच्या वर रॉकेटं. सिक्कीममध्ये राजाच्या आश्रयाने उडवली, १९३५ मध्ये दामोदर नदीवरून तर एक कोंबडा आणि एक कोंबडी रॉकेटमध्ये घालून पलीकडे पाठवली आणि ती दोघं जिवंत उतरली. १९९२ मध्ये टपालखात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. त्यांच्या रॉकेटपाकिटांवर बऱ्याचदा त्यांची स्वतःची सही असते. आता ही सही कुठल्या खात्यात टाकायची? पाठवणारा तोच, उडवणारा तोच, जमवणारा आणि विकणाराही तोच. काका असते तर म्हणाले असते, याची बॅग कमी भरली तर हा पकडणार कुणाला?

आणि अमेरिकन वैमानिक अमेलिया इअरहार्ट. १९३७च्या जगप्रदक्षिणेचा खर्च निघावा म्हणून न्यूयॉर्कच्या गिम्बेल्स दुकानामार्फत पाकिटं विकली गेली, बिनसहीचं अडीच डॉलर, सहीचं पाच. हजारोंच्या संख्येने पाकिटं विमानात होती. जूनच्या मध्यावर ती कराचीला उतरली, मग कलकत्ता, मग पुढे, आणि २ जुलैला पॅसिफिकवर विमान दिसेनासं झालं. पाच डॉलर भरलेल्या लोकांना पाकिटं कधीच मिळाली नाहीत. सहीची किंमत बिनसहीच्या बरोबर दुप्पट, असा सरळ दर लावलेलं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही, एरवी हा भाव ठरवायला बाजार वर्षानुवर्षं घेतो.

सध्या माझा शोध जुहूच्या कागदांचा आहे. सह्यांची पाकिटं मला नकोत, ती परवडतही नाहीत. मला हवंय ते तिथल्या रोजच्या कामाचं, थैली ताब्यात दिल्या-घेतल्याच्या पावत्या, वजनाच्या नोंदी, पेट्रोलच्या डब्यांचं बिल, मेकॅनिकने "तपासलं" म्हणून केलेली सही. तिथे काम करणारी मूठभर माणसं होती आणि त्यांची घरं मुंबई-पुण्यातच असणार. कुणाच्या पणजोबांच्या ट्रंकेत असं काही निघालं तर एक विनंती आहे, कौतुकाच्या भरात ते लॅमिनेट करून आणू नका. एकदा का ते गरम प्लास्टिक बसलं की कागद सुटत नाही. तसंच जुन्या वर्तमानपत्रात न गुंडाळता साध्या पांढऱ्या कागदात ठेवा आणि मला खाली कळवा, मी माझ्या खर्चाने बघायला येईन.